भरितातली चोरून सभा

“आपला कारभार म्हणजे काच! कोणीही यावं, आरपार बघावं!”

चोपड्याजवळच्या पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष प्रेमराजभाऊ सकाळी छाती फुगवून असं बोलले, आणि संध्याकाळी त्यांनी चोरून सभा बोलावली! करतील काय? संस्थेवर नवी देखरेख समिती बसली होती, तिघी बायांची, आणि प्रमुख कोण, तर कमलबाई अक्का! “पाण्याची पाळी आमच्यासमोर ठरेल,” अक्कांनी बजावलं होतं, “नाहीतर वार्षिक सभेत उभी राहून बठ्ठं, अगदी सगळं सांगेन.” इकडे भाऊंची केळी निसवायला, घड टाकायला आलेली. पहिली पाळी त्यांना स्वतःलाच हवी होती.

मग डोकं चाललं! शेतात भरीत पार्टी ठेवायची. वांगी खाताना चार संचालक काही बोलले, तर त्याला सभा कोण म्हणेल?

“नवल, गुपित राहिलं पाहिजे हं!” भाऊंनी सचिवाला दम भरला.

“भाऊ, कोणलेच सांगं नही!” नवल म्हणाला. “फक्त कळण्याच्या भाकरी सांगितल्या.”

ते रास्तच होतं. भरीत बाप्यांनी भाजायचं, ही आपली रीत. पण ज्वारी-उडदाची ही कळण्याची भाकरी थापायची म्हटली की हेच शूर बाप्ये एकमेकांची तोंडं बघतात!

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटल्या, वांगी तडतडली, धूर गोठ्यापर्यंत गेला. गोठ्यामागच्या चुलीवर बाया भाकरी थापत होत्या. धुरात कोणाचं तोंड दिसेल तर शपथ! ठेच्याच्या पहिल्या घासाला भाऊंची जीभ सुटली.

“ठरलं! पहिली पाळी माझ्या केळीला. कालव्याच्या शेवटच्या चारीवाल्यांना सांगू, गेट बिघडलंय. सोमवारी समितीसमोर खोटं खोटं भांडायचं आणि चिठ्ठ्या टाकायच्या. सगळ्या चिठ्ठ्यांवर नाव माझंच!”

“वा भाऊ!” संचालक भरल्या तोंडानं ओरडले.

“अरे, भाकरी आणा! गरम!”

धुरातून एक हात आला, पानात टम्म फुगलेली भाकरी पडली. भाऊंनी तुकडा मोडला आणि डोळेच मिटले.

“आहाहा! अशी भाकरी करणाऱ्या बाईला तर समितीवर घ्यायला पाहिजे!”

“घेतलंय ना भाऊ, मागच्याच महिन्यात,” कमलबाई अक्का म्हणाल्या.

भाऊंना जोराचा ठसका लागला. नवलनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि कुजबुजला, “गावात कळण्याची भाकरी यांच्याच बचत गटाची चांगली शे ना, भाऊ…”

मागून सुलक्षणा आणि कुंदाबाई पीठभरले हात पुसत आल्या. समिती पूर्ण हजर!

“उठू नका, सभा चालू द्या,” अक्का खाली बसल्या. “गेट बिघडलंय म्हणता? चला, बघून येऊ. नीट असेल तर आत्ताच उघडू, शेवटच्या चारीपासून. आणि यापुढं प्रत्येक सभा अशीच, भरितासकट! वांगी अध्यक्षांची.”

संचालकांनी हात वर केले. चौघांनीही! कारण अक्कांच्या हातात भाकरीची टोपली होती.

भाऊंनीही भाकरीसाठी पान पुढं सरकवलं.

“थांबा,” अक्का म्हणाल्या, “तुमची पाळी शेवटी.”