कोरो टिपेने कुठे उतरले?

"माझ्या नजरेतून साधी छत्रीसुद्धा सुटत नाही," असं ऑस्वाल्ड पेनीफेदर स्वतःबद्दल सांगतो. ते खरंच आहे, कारण विद्यापीठाच्या ग्रंथालयात हरवलेल्या छत्र्या सांभाळणं हेच त्याचं काम. त्याच्या कार्डावर मात्र ‘अन्वेषक, तर्कसम्राट, गूढांचा कर्दनकाळ’ असं छापलंय. मी टेसा, त्याची मदतनीस. माझ्याकडे कार्ड नाही. छत्र्यांना चिठ्ठ्या मी लावते.

शुक्रवारी सकाळी मेरेआना नावाची विद्यार्थिनी रडवेल्या चेहऱ्याने आमच्या खिडकीशी आली.

"उद्या माझे कोरो नव्वद वर्षांचे होतायत," ती म्हणाली. कोरो म्हणजे माओरी भाषेत आजोबा, आणि टिपेने हे त्यांचं नाव. वर्षभर खपून तिने आजोबांच्या गोष्टी त्यांच्याच आवाजात टिपल्या होत्या आणि त्यांची वेबसाइट केली होती. नाव दिलं होतं ‘कोरो टिपेने’. उद्या दुपारी म्हातारबुवांसमोर साठ नातवंडं-पतवंडं, निम्मी तर ऑस्ट्रेलियात पांगलेली, ती साइट एकदमच उघडणार होती. फक्त साइटला जागा, म्हणजे होस्टिंग, मिळायचं होतं.

"तीन आठवड्यांपूर्वी अर्ज केलाय. पर्याय तीन-तीन होते, डोकंच फिरलं. शेवटी इथे येऊन विचारलं..."

"अनावश्यक तपशील!" ऑस्वाल्डने हात उंचावला. "पुढे?"

"काल हे पत्र आलं. साइट मात्र कुठेच उघडत नाही."

त्याने भिंग काढलं. चष्मा घरी विसरला की तो भिंग काढतो. पत्र मोठ्याने वाचलं:

"कोरो टिपेने यांचं होस्टिंग मंजूर. पत्ता चौदा, फर्न रस्ता. जेवण सहाला. मागचं दार उघडं असेल. बिस्किट मोकळा असतो, पण चावत नाही."

मला जरा शंका आली. पण मी चिठ्ठ्या लावणारी, मला कोण विचारतो?

"सांकेतिक भाषा!" ऑस्वाल्ड कुजबुजला. त्याची कुजबुज तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाते. "चौदा आणि सहा. हा संगणकाचा क्रमांक. बिस्किट म्हणजे काय? कुकी! संगणकात कुकी असतात की नाही?"

"असतात," मेरेआना म्हणाली.

"चावत नाही, म्हणजे निरुपद्रवी. पण मागचं दार उघडं!" तो खुर्चीवरून उठला. "पोरी, मन घट्ट कर. मागच्या दाराने चोर शिरलेत. तुझ्या आजोबांचं अपहरण झालंय."

"आजोबा घरीच आहेत हो. मघाशी फोनवर बोलले."

"ते मूळ आजोबा. मी प्रतीबद्दल बोलतोय."

दुपारपर्यंत त्याने चौदा आणि सहा हे आकडे अठ्ठावीस प्रकारे टाइप केले. त्यातून एका पिझ्झावाल्याचं पान तेवढं उघडलं. मग त्याने पिझ्झावाल्यावर संशय घेतला. चार वाजता संगणक विभागाची टोळी, साडेचारला मेरेआनाचा ऑस्ट्रेलियातला मामा. मेरेआना बाकावर बसून नुसती घड्याळाकडे बघत होती. मला तिची फार दया आली.

"धीर धर," ऑस्वाल्ड म्हणाला. "गुन्हेगार घटनास्थळी येतोच येतो."

पाच वाजता दार ढकलून एक ठेंगणी बाई आत आली. एका हातात टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं, दुसऱ्या हातात कुत्र्याची दोरी.

"मी मिसेस डॉड्स, चौदा फर्न रस्ता. कोरो टिपेने कुठेत? कालपासून दोनदा मटण गरम केलं! बिस्किट, खाली बस."

कुत्रा बसला. ऑस्वाल्डही बसला.

परगावच्या विद्यार्थ्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या बायकांपैकी ही एक. विद्यापीठाच्या भाषेत त्यालाही होस्टिंगच म्हणतात.

"अर्जच तसला!" बाई धापा टाकत म्हणाल्या. "आकार मोठा, म्हणून रुंद पलंग मागवला. मुक्काम कायमचा, बरं बाई. रोज रात्री बॅकअप लागतो, म्हणजे पाठीचं दुखणं असणार, म्हणून जास्तीची उशी ठेवली. पण रोज दोनशे माणसं भेटायला येणार? माझ्याकडे कप सहा आहेत! बोलिंग क्लबच्या सगळ्याजणींना सांगून ठेवलंय, मदतीला या."

मी मेरेआनाकडे वळले. "हा अर्ज भरायला तुला कुणी सांगितलं?"

तिने बोट दाखवलं. ऑस्वाल्ड एका छत्रीच्या मुठीचं फार बारकाईने निरीक्षण करत होता.

"तीनच पर्याय होते," तो पुटपुटला. "कुणालाही न दिसणारा चौथा मी शोधला."

"गुन्हेगार घटनास्थळी आला नाही रे ऑस्वाल्ड," मी म्हटलं. "सकाळपासून इथेच बसलाय."

मग मी संगणक विभागाला फोन लावला. तिकडचा माणूस जांभई देत म्हणाला, "विद्यार्थिनी आहे ना? पहिल्याच पर्यायावर खूण करा. फुकट आहे. पदवी मिळाली की दुसरीकडे हलवा."

चार मिनिटं लागली.

पहिली भेट मिसेस डॉड्सनी दिली. त्यांनी बटण दाबलं आणि एक खरखरीत, प्रेमळ आवाज आला: "या, बसा सगळे. चहा ठेवलाय का कुणी?"

"ठेवते हो!" बाई चटकन म्हणाल्या. "तुम्ही बसा." आणि डोळे पुसायला त्यांनी पातेल्याचा टॉवेल घेतला. मेरेआना दिवसभरात पहिल्यांदा हसली. मटण आम्ही चौघांनी खाल्लं, म्हणजे बिस्किट धरून पाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेरेआनाचा फोन आला. वाढदिवस झकास झाला होता. आजोबांनी स्वतःच्या गोष्टी दोनदा ऐकल्या आणि स्वतःलाच दाद दिली. भेटींचा आकडा मात्र साठाच्या कितीतरी पुढे गेला होता. बोलिंग क्लबातली एकही बाई मागे राहिली नव्हती.

"मी कोरोंना सांगितलं, दोनशे सहा माणसं येऊन गेली," ती म्हणाली. "तर घाबरून आजीला हाका मारत सुटले, अगं, आपल्याकडे कप किती आहेत?"