कोकरू, मिनिटाला साठ शब्द

खुटबावजवळच्या एका वस्तीशाळेत मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिसरीच्या वर्गाची भाषिक क्षमता मोजण्यात आली. मोजायला तालुक्याहून सुदर्शन सर आले. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये ॲप, ॲपमध्ये घड्याळ. निकष सरळ होता: मिनिटाला साठ शब्द वाचणारं मूल 'प्रगत'. त्याहून कमी वाचणारं 'प्रारंभिक', आणि त्यानं उद्यापासून पहिलीत बसायचं.

म्हाळसा उठली. पहिलीत तिचा धाकटा भाऊ होता. तिथं बसावं लागलं, तर तो वस्तीभर दवंडी पिटणार होता.

"एक कोकरू होतं. ते कळपातून चुकलं. अंधार पडू लागला." इथवर ती पाटाच्या पाण्यासारखी आली आणि थांबली. सरांच्या तोंडाकडं बघत राहिली.

घड्याळ चालूच होतं.

"अगं, वाच की!" वर्गाच्या साधनाबाई कळवळल्या.

"सर 'मग?' म्हनलंच न्हाईत."

म्हाळसाचे आजोबा ज्ञानू आबा उमेदीत मेंढरामागं हिंडलेले. त्यांच्याकडं गोष्ट दोघांनी चालवायची असते. सांगणारा थांबतो, ऐकणारा 'मग?' म्हणतो, तेव्हा कुठं गोष्ट पुढचं पाऊल टाकते. ऐकणारा गप्प राहिला, तर आबा घोंगडी झटकून उठतात.

"'मग' हा शब्द उताऱ्यात नाही," सर म्हणाले.

"आवो पर सर, कोकरू घावलं का?"

"ते निकषात येत नाही."

"तुमाला तरी ठावं हाय का?"

सरांनी हा उतारा महिन्याभरात चारशे मुलांकडून ऐकला होता. ते आठवू लागले. तेवढ्यात मिनिट संपलं.

शब्द नऊ. अडखळण्याचं कारण: आकलन.

वरून तातडीनं इलाजाचं परिपत्रक आलं, 'आकलनमुक्त वाचन सप्ताह'. फेरचाचणी सोमवारी, पहिलीत बसणं तोवर तहकूब. अर्थ लागू नये म्हणून बाईंनी उतारे शेवटच्या शब्दापासून उलटे वाचून घेतले. शनिवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'कपाटाखाली साप आहे.' वर्गानं ते दोन सेकंदांत वाचलं आणि पुढच्या ओळीची वाट पाहिली. टाळी वाजवावी की रडावं, बाईंना कळेना. परिपत्रकात टाळी होती. त्यांनी ती वाजवली.

सोमवारी म्हाळसानं एकशे दोन शब्द वाचले. सरांनी स्वतः तिच्या छातीवर 'प्रगत'चा बिल्ला लावला.

आबा ओट्यावर बसले होते. "काय वाचलंस गं माजे बाय?"

"एकशे दोन शबूद."

"आन् त्या दिशी सांगत हुतीस, त्या कोकराचं काय झालं?"

"कुटलं कोकरू, आबा?"

आबांनी बिल्ल्यावरून बोट फिरवलं. मग सवयीनं, हळूच म्हणाले, "मग?"

पुढं काहीच आलं नाही. आबांनी घोंगडी झटकली.

आणि वाचकहो, तुम्हीही इथवर कुठंही न थांबता आलात. कोकरू सापडलं का, हे विचारलं नाहीत. अभिनंदन. बिल्ला पोस्टानं येईल.