अर्जदाराचा पत्ता

अण्णा कोचरेकरांना स्वतःबद्दल कशाचीच खात्री नसे. घराला कुलूप लावलं की नाही, हे बघायला ते खालून परत तिसऱ्या माळ्यावर चढत. वर गेल्यावर कुलूप दिसे, तेव्हा हे आपलंच घर ना, अशी शंका येई! पण अर्ज? अर्ज भरावा तो अण्णांनीच! मुलुंडच्या एका शाळेत छत्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली, पण त्यांनी भरलेला एकही अर्ज कुठल्याही खिडकीवरून परत आला नव्हता. एक रकाना रिकामा नाही, एक खाडाखोड नाही, आणि अक्षर असं की साहेबाने मंजुरी द्यायच्या ऐवजी चौकट करून भिंतीवर लावावं!

म्हणून दोन गल्ल्या पलीकडच्या मातोंडकर खानावळीने घरपोच जेवणाच्या अ‍ॅपवर जायचं ठरवलं, तेव्हा मालकीणबाई प्रेमाताईंनी फॉर्म थेट अण्णांच्या ताटाशेजारी ठेवला.

"अण्णा, तुम्हीच भरा. आमच्या ह्यांना दिला तर जन्मतारखेच्या जागी माझं वजन लिहितील."

"बारको रकानो आसा गो, मावाचा नाय!" गल्ल्यावरून धोंडू मातोंडकर ओरडले.

अण्णांनी चष्मा पुसला आणि फॉर्म भरला. खानावळीचं नाव, परवान्याचा क्रमांक, सगळं व्यवस्थित. पुढे पत्ता, मोबाइल नंबर, बँकेचं खातं. इथे अण्णा क्षणभर थांबले आणि मनाशी हसले. नवखा माणूस इथेच चुकतो! पत्ता नेहमी अर्ज भरणाऱ्याचा लिहायचा. उद्या काही विचारायचं झालं तर अर्जदार सापडायला नको? खानावळ कुठे आहे ते जोडलेल्या परवान्यावर छापलेलंच आहे. त्यांनी वळणदार अक्षरात स्वतःचा पत्ता लिहिला. स्वतःचा मोबाइल. स्वतःचं खातं.

कंपनीच्या माणसाने स्कूटर बंदसुद्धा न करता फॉर्म घेतला, वाचला नाही, आणि गेला.

"अण्णांनी भरलाय," प्रेमाताईंनी जेवायला बसलेल्या सगळ्यांना ऐकवलं आणि अण्णांपुढे सोलकढीची दुसरी वाटी ठेवली. "आता बघायलाच नको!"

खरोखरच कोणी बघितलं नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी सव्वाबाराला शब्दकोशावर ठेवलेला अण्णांचा फोन आगीच्या बंबासारखा बोंबलू लागला. पडद्यावर अक्षरं आली: 'नवीन ऑर्डर! दोन सुरमई थाळी.' खाली एक लाल बटण, एक हिरवं. लाल बटण दाबणं अण्णांना उद्धटपणाचं वाटलं. त्यांनी हिरवं दाबलं.

दहा मिनिटांनी दार वाजलं. दारात हेल्मेट घातलेला पन्नाशीचा एक माणूस लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकत होता.

"मी रतन. मातोंडकर खानावळ हीच ना? काका, खानावळ तिसऱ्या माळ्यावर? लिफ्ट तरी बसवा!" त्याने आत डोकावून पाहिलं. चारी भिंतींना पुस्तकंच पुस्तकं! "किचन कुठंय?"

आपली चूक त्या क्षणी अण्णांच्या लक्षात आली आणि कानाच्या पाळ्या तापल्या. 'नाही हो, खानावळ दोन गल्ल्या पलीकडे आहे,' एवढंच म्हणायचं होतं. ते तसं म्हणालेही, पण रतनने मान हलवली.

"तिकडं गेलो तर अ‍ॅप म्हणतं, पोचलाच नाही. मला इथूनच उचलायला पाहिजे. नाहीतर माझी ऑर्डर कटते."

आपल्यामुळे या दमलेल्या माणसाचं नुकसान? आणि प्रेमाताईंना कळलं तर? छत्तीस वर्षांची अब्रू एका रकान्यात जायची!

"बसा," अण्णा म्हणाले. "आलोच. किचन जरा... लांब आहे."

आणि अण्णा तीन जिने उतरले, दोन गल्ल्या जवळजवळ धावत गेले, रोख पैसे देऊन दोन सुरमई थाळ्या बांधून घेतल्या आणि परत तीन जिने चढले!

आता तुम्ही म्हणाल, पत्ता बदलून टाकायचा की! तेही त्यांनी करून पाहिलं. अ‍ॅपमधल्या मदतीला हाक मारली. मदतीने चार पर्याय दिले, पाचवा प्रश्न तिला माहीतच नव्हता. शेवटी एक जागा सापडली, पण तिथे आधी एका चौकोनात खूण करायची होती: 'मी पूर्वी चुकीची माहिती दिली होती.' अण्णांचं बोट त्या चौकोनावर पाच मिनिटं घुटमळलं. मग त्यांनी फोन पालथा ठेवला.

उद्या प्रेमाताईंना सगळं सांगायचं, असं ठरलं. पण 'उद्या' आला तो तीन ऑर्डरी घेऊन. परवा पाच. महिनाअखेर दिवसाला अकरा! अ‍ॅपवर खानावळीला चार पूर्णांक सात तारे पडले. कंपनी आपला भला थोरला वाटा कापून बाकीचे पैसे अण्णांच्या खात्यात टाकी, आणि अण्णा प्रेमाताईंना पूर्ण दाम मोजत. म्हणजे खानावळ जितकी जोरात, तितकं अण्णांचं पेन्शन गाळात! पाच किलो वजन उतरलं ते वेगळंच. त्यांना स्वतःला जेवायला वेळच मिळत नसे. चढता-उतरता दुसऱ्या माळ्याच्या कठड्याला टेकून ते पाव खात.

इकडे प्रेमाताई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"महिना झाला, अ‍ॅपवरनं एक ऑर्डर नाही! काय कंपनी म्हणायची का काय? अण्णा, तुम्ही आहात म्हणून धंदा आहे बघा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक विचारू? रागावू नका. अकरा थाळ्या कोण खातं?"

अण्णा चाचरले. "मी... म्हणजे मीच."

भाकऱ्या थापता थापता स्वयंपाकाच्या जयंतीबाईंचा हात थांबला. "घरात कोण आणलं-बिणलंय का अण्णा? सांगा की. या वयात सोबत लागतेच, त्यात काय लाजायचं!"

"छे छे! कोणी नाही. येतात, जातात."

"कोण येतात?"

"पुरुषच असतात," अण्णांनी घाईघाईने खुलासा केला.

कोपऱ्यातल्या गिऱ्हाइकाचा घास हातातच राहिला.

"अण्णानू, साखर तपासून घेवा," धोंडू काळजीने म्हणाले. "माझ्या चुलत्याचा असाच झालेला. खाय, खाय, खाय, आणि एक दिवस आडवो!"

प्रेमाताईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि निकाल दिला. "उद्यापासून तुम्हाला एकच थाळी. भात कमी. पाया पडलात तरी दुसरी देणार नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी चार ऑर्डरी आल्या आणि अण्णांच्या हातात थाळी एक! दारात रतन आणि त्याच्यामागे जिन्यावर आणखी तीन हेल्मेटं.

"काका, आज किचन स्लो आहे का?"

सुज्ञ माणसाने फोन बंद केला असता. अण्णांनी गॅस पेटवला! त्यांना येणारा एकमेव पदार्थ म्हणजे मुगाची खिचडी. ती त्यांनी उरलेल्या तीन ऑर्डरींसाठी डब्यांत भरली आणि प्रत्येक डब्यावर सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'सुरमई उपलब्ध होऊ शकली नाही. तसदीबद्दल क्षमस्व.' हे असं आठवडाभर चाललं.

आठव्या दिवशी प्रेमाताईंची भाची श्रुतिका कांजूरमार्गहून आली ती फोन नाचवतच.

"मावशी, हे काय लावलंयस? वाट लागली ना खानावळीची! ऐक. 'सुरमई थाळी मागवली, खिचडी आली. सोबत माफीपत्र. अक्षर चांगलं आहे. एक तारा.' दुसरा म्हणतोय, 'आजारी माणसासाठी उत्तम. मी आजारी नव्हतो.'"

प्रेमाताईंनी फोन हातात घेतला. वर त्यांच्या खानावळीचं नाव, आणि त्याखाली तारे दीड.

त्या ओरडल्या नाहीत. मटकन बाकावर बसल्या. "सासूबाईंनी वेंगुर्ल्याहून मसाला आणून ही खानावळ काढली. चाळीस वर्षांत कुणी ताट परत केलं नाही गं. आणि माझ्या नावावर खिचडी?"

शेजारच्या बाकावर अण्णा त्यांची एकच थाळी घेऊन बसले होते. घास तोंडात फिरत राहिला. आता बोलावं! आत्ता! त्यांनी तोंड उघडलंही.

"अण्णा," प्रेमाताई वळून म्हणाल्या, "या चोराला सोडायचं नाही. रविवारी ग्राहक मंडळाची सभा आहे. या अ‍ॅपवाल्यांना नियम लावा म्हणून सरकारला निवेदन जाणारेय. ते तुम्हीच लिहा, तुम्हीच वाचा. तुमच्यासारखा सरळ माणूस दुसरा नाही."

अण्णांनी तोंड मिटलं.

निवेदन मात्र त्यांनी असं लिहिलं, की आयुष्यात तसं लिहिलं नव्हतं! कमिशनला मर्यादा हवी. तक्रार ऐकायला जिवंत माणूस हवा. तिसरा मुद्दा लिहिताना तर पेन थांबेना: 'खानावळीची नोंदणी करण्यापूर्वी कंपनीने तिचा पत्ता प्रत्यक्ष जाऊन तपासावा, जेणेकरून अपात्र व्यक्तींना दुसऱ्याच्या नावावर अन्न पुरवता येणार नाही.' 'अपात्र व्यक्ती' या शब्दांखाली त्यांनी स्वतःच रेघ ओढली.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. खानावळवाले, गिऱ्हाइकं, भिंतीला टेकलेला रतन, सगळे होते. व्यासपीठावर मंडळाच्या अध्यक्षा जया म्हात्रे आणि कंपनीने पाठवलेला निहार नावाचा कडक इस्त्रीतला तरुण. अण्णांनी तिसरा मुद्दा वाचला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णांना त्या टाळ्या मुस्काटात बसल्यासारख्या लागल्या.

प्रेमाताई उठल्या. "साहेब, माझ्या नावावर कोण बसलाय ते सांगा. आत्ताच्या आत्ता!"

"सगळं रेकॉर्डवर आहे मॅडम," निहार गोड हसला. "तुम्हाला दोनशेपेक्षा जास्त ऑर्डर गेल्यात. पत्ताही आहे." त्याने बॅगेतून कागद काढला.

"वाचा! वाचा!" लोक ओरडले. "आत्ता जाऊन धरू त्याला!"

"मराठी हस्ताक्षर मला नीट लागत नाही," निहार म्हणाला, आणि कागद पुढे केला. "काका, तुम्हीच वाचा ना."

अण्णांनी कागद हातात घेतला. अक्षर सुंदर होतं.

"बी... तीनशे चार," ते म्हणाले.

"मोठ्याने!"

"बी तीनशे चार, शुभांगी सोसायटी, टिळक... टिळक मार्गाच्या मागे, मुलुंड पूर्व." प्रत्येक शब्दाला आवाज एकेक पायरी खाली उतरत गेला. पिनकोड तर फक्त त्यांच्या मिशीला ऐकू गेला.

"अण्णानू," धोंडूंचा आवाज आला, "ह्यो तर तुमचोच पत्तो!"

"हो," अण्णा म्हणाले. "अर्जदाराचा."

"हेच ते खानावळवाले काका!" मागून रतन आनंदाने ओरडला. त्याला वाटलं, काकांना बक्षीस मिळतंय.

मग अण्णांनी सगळं सांगितलं. कठड्यावरच्या पावापर्यंत. मान वर केली नाही. सभागृहातल्या फरशांना तडे किती आहेत, ते आजही त्यांना पाठ आहे.

प्रेमाताई हळू आवाजात बोलू लागल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्या अकरा थाळ्या..."

"गिऱ्हाइकांनी खाल्ल्या. त्यांना फार आवडल्या. चार पूर्णांक सात."

"आणि खिचडी?"

"ती माझी."

"मीठ नव्हतं म्हणे त्यात."

"घाईत राहायचं," अण्णा कसेबसे म्हणाले.

"पत्ता बदलायला दोन मिनिटं लागतात," निहार फोनवर बोटं नाचवत मध्येच म्हणाला. "हा बघा, झाला! मात्र आलेले अभिप्राय पुसता येत नाहीत. पॉलिसी आहे."

"म्हणजे ती खिचडी माझ्या नावावरच राहणार?" प्रेमाताई म्हणाल्या.

निहार पुन्हा गोड हसला.

जयाबाईंनी घसा साफ केला. चूक कोचरेकरांची असली, तरी महिनाभर एकाही माणसाने येऊन बघितलं नाही, हा दोष कंपनीचाच, असं त्या म्हणाल्या. तेव्हा तिसऱ्या मुद्द्याला हे उदाहरण जोडावं. सभेने एकमताने होकार दिला. लिहायचं कोणी? सभागृहात चांगलं अक्षर एकाचंच होतं!

अण्णांनी पेन उघडलं आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं, "उदाहरणार्थ, मुलुंड येथील एक सुशिक्षित ज्येष्ठ नागरिक..."

"'सुशिक्षित' खोडा," मागून कुणीतरी म्हणालं.

अण्णांनी आयुष्यातली पहिली खाडाखोड केली.

"नाव नको घालायला," जयाबाई हळूच म्हणाल्या. "म्हातारपणी बिचाऱ्याची शोभा कशाला?"

"नाव घाला!" प्रेमाताई म्हणाल्या. "चांगलं ठळक घाला. एक तर त्याशिवाय सरकारचा विश्वास बसणार नाही की असा माणूस असू शकतो. आणि दुसरं म्हणजे, खिचडी कुणाची होती, ते एकदा कागदावर येऊ दे."

अण्णांनी नाव घातलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग क्षणभर विचार करून पुढे स्वतःहूनच लिहिलं: 'मीठदेखील नव्हते.'