एका पानानं काय होतंय

एखाद्या घरात खरी सत्ता कुणाची आहे हे ओळखायचं असेल, तर जेवणाच्या टेबलावर कुणाच्या लघवीची चर्चा चालते ते पाहावं. तान्हेपणी हा मान प्रत्येकालाच मिळतो. पुढे माणूस शाळेत जातो, नोकरीला लागतो, लग्न करतो आणि त्याच्या लघवीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आमच्या घरात हा मान गेली दोन वर्षं एका गिनी पिगकडे आहे. तिला आम्ही मॅडम म्हणतो, कारण त्या दिवसभर एका जागी बसून असतात आणि खाणं त्यांच्यापर्यंत चालत येतं. उशीर झाला, की त्या तोंडानं शिट्टी वाजवतात.

मॅडम आता सहा वर्षांच्या आहेत. त्यांच्या जातीत हे वय म्हणजे निवृत्तीनंतर दोनदा मुदतवाढ मिळालेल्या अधिकाऱ्याचं. त्यांना मूत्राशयात खडा होतो. शस्त्रक्रिया करून काढला, की काही महिन्यांनी परत होतो. पहिला मिऱ्याएवढा होता, दुसरा वाटाण्याच्या जवळपास पोचला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही एका डबीत घालून दिले. ती डबी बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात, लेकीच्या पोहण्याच्या पदकाशेजारी ठेवलेली आहे. पाहुणे ती आदरानं हातात घेतात. शेजारचे काका एकदा तुलनेसाठी स्वतःचा मुतखडा घेऊन आले होते. तो आकारानं मोठा निघाला, पण काकांचं वजन लक्षात घेता मॅडमची कामगिरी सरस ठरली. काका चहा न घेताच गेले.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही कानाला खडा लावला (हा वेगळा) आणि घराला शिस्त लावली. पालक बंद. लसूणघास, म्हणजे गुरांना घालतात तो हिरवा चारा, तोही बंद, कारण त्यातल्या कॅल्शियममध्ये हाडं आणि खडे दोन्ही मजबूत करण्याचा गुण आहे. साधं वाळलेलं गवत मात्र हवं तेवढं, आणि लेट्यूस ओलंचिंब करून, म्हणजे खाता खाता पाणी पोटात जातं. शिवाय लेक बिनसुईच्या सिरिंजनं पाणी पाजते. मॅडम त्यातलं निम्मं स्वीकारतात आणि निम्मं तिच्या बाहीवर परत पाठवतात. पिंजऱ्यात पांढरा टॉवेल अंथरलेला असतो, म्हणजे रंग कळतो. रंगाचे शेरेही ठरलेले आहेत: ‘समाधानकारक’, ‘ढगाळ’ आणि ‘वरिष्ठांना कळवा’. वरिष्ठ म्हणजे माझी बायको. एकदा ऑफिसच्या बैठकीत तिनं फोन उचलून ‘ढगाळ की लाल?’ असं विचारलं, तेव्हा समोरच्या सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

एवढं करूनही तिसरा खडा झाला. टॉवेलवर गुलाबी डाग दिसला आणि मॅडम पाठीला बाक काढून बारीक कण्हल्या. आम्ही त्यांना तसंच उचलून दवाखान्यात नेलं.

‘अजून लहान आहे,’ डॉक्टरीणबाई एक्स-रे बघत म्हणाल्या. ‘भरपूर पाणी गेलं तर आपसूक पडून जाईल. वाढला तर परत कापावं लागेल. आणि या वयात तिसऱ्यांदा भूल दिल्यावर ती उठेलच, असं मी नाही सांगू शकत.’

लेकीनं मॅडमना स्वेटरच्या आत घेतलं. माझ्या पोटात गोळा आला. तो एक्स-रेत दिसणारा नव्हता, म्हणून त्यावर उपचार झाले नाहीत.

‘हिला दुसरं काही देत नाही ना कुणी?’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आम्ही चौघांनी, म्हणजे मी, बायको, लेक आणि आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंनी, एकाच वेळी नकारार्थी मान हलवली. इतकं एकमत आमच्या घरात पंख्याच्या वेगावरसुद्धा कधी झालेलं नाही.

माझी सगळी नोकरी चौकशी समित्यांवर गेली. भिंत पडली, गोदाम जळलं, की मला बोलावणं येतं. आजवर माझ्या एकाही चौकशीत माणूस दोषी निघालेला नाही. ऐंशी टक्के वेळा परिस्थिती दोषी निघाली, उरलेल्या वेळी दमट हवा. तेव्हा घरातही समिती नेमणं ओघानंच आलं. अध्यक्ष मी, सदस्यही मीच.

पहिला पुरावा दुसऱ्याच दिवशी हाती लागला. डोकं दुखतं म्हणून मी दुपारी घरी आलो, तर सासूबाई पिंजऱ्यापुढे स्टूल टाकून बसलेल्या आणि पालकाचा शेवटचा हिरवा कोपरा मॅडमच्या तोंडात चाललेला.

‘आई, हे काय?’

‘एकच पान हो. एका पानानं काय होतंय? बिचारी कशी टुकुटुकु बघत होती.’

‘डॉक्टरांनी बंद केलंय ना?’

‘मलापण साखर बंद केलीय. परवा केकचा तुकडा माझ्या बशीत कुणी सरकवला, जावईबापू?’

हा मुद्दा समितीच्या कार्यकक्षेत येत नसल्यानं तो कामकाजातून वगळण्यात आला.

बायकोची जबानी ओट्यापाशी झाली. ‘मी कुठे पान देते? भाजी निवडताना देठं टाकते तिच्यापुढे. देठ म्हणजे काय पान आहे?’ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं या म्हणण्यात तथ्य होतं.

लेकीची जबानी लांबली, कारण ती मध्येच रडली. तिच्या मैत्रिणीकडे सशाची पिल्लं आहेत. त्यांचा लसूणघास लेक चिमूटभर खिशातून आणत होती. ‘दुखायला लागल्यापासून ती पहिल्यासारखी शिट्टी वाजवत नाही, बाबा. लसूणघास दिसला की तेवढी जोरात वाजवते. मला वाटायचं, वाजवली म्हणजे बरी आहे.’

अध्यक्षांनी तिला रुमाल दिला आणि जबानी तिथेच संपवली.

(अध्यक्ष स्वतः रोज सकाळी ऑफिसला निघताना पिंजऱ्यात खनिजाच्या, म्हणजे मुख्यतः कॅल्शियमच्या, वडीचा एक तुकडा टाकत असत. दुकानदारानं ती दातांसाठी चांगली म्हणून दिली होती. दातांचा प्रश्न समितीपुढे नव्हता.)

सगळ्या जबान्या समोर ठेवल्यावर समितीला पेच पडला. प्रत्येकानं एकच दिलं होतं. एकानं काही होत नाही, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. काही होत नाही अशा गोष्टी चार वेळा केल्या तरी बेरीज ‘काही नाही’ हीच येते. मग खडा आला कुठून? बराच विचार करून समितीनं असा निष्कर्ष काढला, की दोष शिट्टीचा आहे. फ्रिज उघडला की मॅडम शिट्टी वाजवतात, शिट्टी ऐकली की माणूस विरघळतो, आणि विरघळलेला माणूस पान देतो. सबब मॅडमना शिट्टी वाजवण्याचं कारणच मिळू नये.

त्यानुसार फ्रिजच्या दाराला तेल घातलं. भाजी कुरकुरणाऱ्या पिशवीतून काढून सुती फडक्यात गेली. सासूबाई आपल्या गोळ्यांचं पाकीटसुद्धा गॅलरीत जाऊन फोडू लागल्या. घरात सगळे चवड्यांवर चालत होते आणि एकमेकांच्या खिशांकडे बघत होते. मॅडम एक दिवस गवताला तोंड लावेनात, तेव्हा आम्हा कुणाच्याच घशाखाली घास उतरला नाही. घर इतकं गप्प झालं, की बायको म्हणाली, ‘अहो, एकदा तरी वाजवू दे तिला.’ समितीनं नकार दिला, पण समितीचाही जीव थाऱ्यावर नव्हता.

आणि एका सकाळी लेक पिंजऱ्यापाशी किंचाळली. टॉवेलवर जाड्या मिठाच्या कणाएवढा पिवळट खडा पडला होता. डॉक्टरीणबाईंनी परत एक्स-रे काढला. मूत्राशय स्वच्छ. ‘छान,’ त्या म्हणाल्या. ‘आता जन्मभर असंच चालू ठेवा.’

आम्ही मनापासून हो म्हटलं.

संध्याकाळी माझा आनंद पोटात मावेना, म्हणून मी हळूच पिंजऱ्याकडे गेलो. तिथे सासूबाई आधीच उभ्या होत्या. मागून बायको आली, मग लेक. चौघांचाही एक-एक हात पाठीमागे होता. मॅडमनी चौघांकडे पाहिलं आणि कित्येक दिवसांनी अशी लांबलचक शिट्टी दिली, की लेक हसता हसता रडायला लागली.

तिथल्या तिथे समितीची तातडीची बैठक झाली. बाकी सगळं जप्त करून पालकाचं एकच पान चौघांनी मिळून धरायचं, असं एकमतानं ठरलं. त्याप्रमाणे धरलं. (पान निवडताना जरा मोठं निवडलं गेलं. त्याची नोंद नाही.)

तुम्ही आत्तापर्यंत आम्हाला हसत असाल, तर खुशाल हसा. मात्र तुमच्याही घरात कुणाला तरी डॉक्टरांनी साखर, मीठ, नाही तर बिडी बंद केली असेल, आणि त्यानं केविलवाणं तोंड केल्यावर तुम्ही हळूच काहीतरी पुढे सरकवलं असेल. घाबरू नका. आमच्या समितीनं आजवर कुणालाही दोषी ठरवलेलं नाही. तुम्ही दिलंत ते एकच होतं, हे आम्ही धरूनच चालतो. आज जेवायला बसाल तेव्हा टेबलाभोवतीच्या बाकीच्यांना फक्त एवढं विचारा, की त्यांनी किती दिलं. सगळे म्हणतील, एकच.