मावळा होण्यास ना हरकत

महाडमधील एका शाळेने (नाव सांगत नाही, शाळेला अनुदान मिळायचे आहे) सन २००१ च्या स्नेहसंमेलनात ऐतिहासिक वेशभूषा स्पर्धा घेण्याचे ठरवले आणि पाचवी ‘ब’ मधील साकिबच्या हातात त्याच्या भूमिकेची चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर लिहिले होते : ‘खान. दाढी शाळेतर्फे. अंगरखा घरचा.’

साकिबच्या बापाने, म्हणजे मुख्तारने, ती चिठ्ठी दोनदा वाचली. मुख्तारचा टेम्पो होता. महाडहून पोलादपूर, तिथून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, आणि येताना स्ट्रॉबेरीची खोकी, असा त्याचा रोजचा रस्ता. पण त्याआधी, याच शाळेत, तो सलग सहा वर्षे खान होता. त्याचा थोरला भाऊ, जो आता कुवेतला असतो, चार वर्षे. ही वाटणी कोणी ठरवलेली नव्हती, तसा ठरावही कुठे नव्हता. बाई हजेरीपट उघडत, त्यांचे बोट नावांवरून खाली खाली सरकत जाई आणि एका नावापाशी थांबे. बोटाच्या मनात काही वाईट नसे. मुख्तारला तर सातवीत उत्कृष्ट मरण्याबद्दल कंपासपेटीही मिळाली होती, आणि त्या वेळी त्याला आनंदच झाला होता.

साकिबला मात्र आनंद झाला नव्हता.

“अब्बा, मला मावळा व्हायचाय.”

“का रे? खानाला बक्षीस मिळतंय.”

“खान नुसता येतो न् मरतो. मावळे गड चढतात. सहलीला गडावर पयला कोण पोचला? मी. तो आमोद तर दोनदा खाली बसला. तरी तो मावळा!”

दुसऱ्या दिवशी मुख्तारने टेम्पो शाळेच्या फाटकाशी लावला आणि तो मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला. मुख्याध्यापक रघुवीर सर हे सज्जन गृहस्थ. वाघाला ते भ्याले नसते, कागदाला भीत.

“मुख्तार, तुझी हरकत आहे का?” सरांनी आवाज खाली आणून विचारले.

“हरकत नाय सर. विनंती हाय. पोराला मावळा करा, एवढंच.”

सरांनी वही उघडली. वहीत दोनच रकाने होते, ‘तक्रार’ आणि ‘अभिप्राय’. अभिप्रायाचा रकाना मागल्या तपासणीच्या साहेबांनी एकट्याने भरून टाकला होता. विनंतीला जागाच नव्हती. त्यामुळे मुख्तारची विनंती तक्रारीत नोंदली गेली, आणि तक्रार म्हटली की तिचे स्वरूप लिहावे लागते. सरांनी बराच विचार करून लिहिले : ‘संवेदनशील.’

हा एक शब्द लिहिला नसता तर साकिबला कदाचित बुधवारपर्यंत फेटा मिळाला असता. पण संवेदनशील तक्रार वर कळवावीच लागते. वरच्या कार्यालयाने ती आणखी वर कळवली, आणि वरून परिपत्रक खाली आले : वेशभूषेसंबंधी समिती नेमावी, सर्व संबंधितांच्या भावना विचारात घ्याव्यात, आणि त्या दुखावल्या गेल्यास तीन प्रतींत कळवावे.

समिती नेमली गेली. अध्यक्ष, संस्थेचे चेअरमन मालोजीराव. सचिव, रघुवीर सर. सदस्य, इतिहासाच्या विनोदिनी बाई, ज्यांच्या बोटाने साकिबला निवडले होते. आणि मुख्तार. त्याच्या नावापुढे हुद्दा म्हणून लिहिले होते : ‘संवेदनशील घटक (एक).’ त्याला पंख्याखालची खुर्ची देण्यात आली. जानेवारीचा महिना होता, पण पंखा लावण्यात आला.

“मुख्तार, तू आपलाच माणूस आहेस,” मालोजीरावांनी सुरुवात केली.

ज्या बोलण्याची सुरुवात या वाक्याने होते त्यात आपले काम होत नाही, हे मुख्तारला वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. झालेही तसेच. पहिल्या बैठकीत एकमताने ठरले की, खानाची भूमिका समाजातील एका घटकाच्या मनाला लागते, सबब ती रद्द.

“मग साकिब मावळा?” मुख्तारने विचारले.

“ते वेगळं,” मालोजीराव म्हणाले. “त्याच्यावरचा अन्याय दूर झाला. आता त्याला काहीच व्हायचं नाही.”

“मावळ्यांची संख्या बावीस झालेली आहे,” सरांनी खुलासा केला. “पद रिक्त झालं की कळवू.”

आता बावीस मावळे आणि शत्रू एकही नाही, अशी परिस्थिती निर्माण झाली. विनोदिनी बाईंनी तालीम घेतली. मावळे ‘हर हर महादेव’ म्हणत रंगमंचावर धावून आले, इकडे तिकडे बघून थांबले, आणि पाचव्या मिनिटाला एकमेकांवर तुटून पडले. दोघांचे दात पडले. ते दुधाचे असल्यामुळे नोंद झाली नाही. पण समितीला तातडीने बसावे लागले, आणि ठरले की शत्रूच्या जागी एक खुर्ची ठेवावी. खुर्चीला भावना नसतात.

प्रयोगशाळेतली खुर्ची आणली. ती हिरवी निघाली.

सगळ्यांनी मुख्तारकडे पाहिले. “मला खुर्चीचं काय नाय हो,” तो कळवळून म्हणाला. इतिवृत्तात नोंद झाली : ‘संवेदनशील घटकाने खुर्चीबाबत संयम दाखवला.’ मग खुर्ची रंगवायचे ठरले. भगवी करता येईना, कारण तिला मार खायचा होता. निळी करायची तर चवदार तळ्याकडच्या मंडळींना विचारावे लागेल, असे सर म्हणाले, आणि विचारायचे कसे हे कोणालाच माहीत नव्हते. पांढऱ्याला विनोदिनी बाईंचा विरोध, तो तहाचा रंग म्हणून. शेवटी सगळा रंग खरवडून काढायचे ठरले. खरवडताना खुर्ची मोडली. शत्रू अशा रीतीने युद्धापूर्वीच कामी आला.

एव्हाना महाडपासून पोलादपूरपर्यंत बोभाटा झाला होता की शाळा भावना नोंदवून घेते आहे. फुकट नोंदवून घेतात म्हटल्यावर लोकांना भावना आठवू लागल्या. कोणाचे फेटा बांधण्याच्या पद्धतीबद्दल म्हणणे, कोणाचे मिशीच्या टोकाबद्दल. एका गृहस्थांनी तर कोणत्याही मुलाने घोडा होऊ नये असे लिहिले, घोडा कोणाचा हे सांगितलेले नसल्यामुळे. कुडपणच्या भिकाजीचे कार्ड आले : ‘आमची घोंगडी कोणी पांघरणार असल तर पोराला आधी सांगा, लय खाजते. आत सदरा घाला.’ आलेल्या एकशे चौदा पत्रांत शहाणपणाचे एवढे एकच. समितीने ते ‘समाजाकडून इशारा’ या सदराखाली फाइलला लावले आणि घोंगडीवर बंदी घातली.

“ज्या गावात पाण्याला कोणी हात लावायचा यावरून एवढं घडलं,” एका बैठकीत विनोदिनी बाई अचानक म्हणाल्या, “त्या गावात आपण आता फेट्याला कोणी हात लावायचा ते ठरवत बसलोय. द्या ना त्या पोराला एक फेटा!”

मुख्तारला त्या क्षणी बाईंच्या पाया पडावेसे वाटले.

“ते वेगळं,” मालोजीराव म्हणाले.

आणि त्याच बैठकीत त्यांनी स्वतःचा तोडगा मांडला. वाद कशाने होतात? दुसऱ्याचा पोशाख घातल्याने. तेव्हा ज्याने त्याने आपापल्या पूर्वजांचा पोशाख घालावा. पुराव्यासह. ज्याचे पूर्वज मावळे, तो मावळा.

पालकांची धांदल उडाली. माळ्यांवरच्या ट्रंका खाली आल्या. पण फोटो निघाले ते मुंबईच्या गिरणीत हाफ शर्ट घालून उभ्या असलेल्या आजोबांचे. त्यामागे जावे तर पूर्वजांनी लंगोटी आणि खांद्यावर कांबळे यापलीकडे इतिहासासाठी काही राखून ठेवलेले नव्हते, आणि लंगोटीत मुलाला रंगमंचावर पाठवायला एकही पालक तयार होईना. मालोजीराव मात्र निर्धास्त होते. त्यांच्या दिवाणखान्यात एक सनद चौकटीत लावलेली होती. दर दसऱ्याला तिला हार पडत असे. मूळ पुरुषाने बादशहाच्या फौजेला पाणी पाजले, त्याचा हा दाखला, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. नातू आमोद याच्यासाठी त्यांनी ती चौकट समितीपुढे ठेवली.

“हे फारशीत आहे,” सर चष्मा सावरत म्हणाले. “इतिवृत्तात मजकूर घ्यावा लागेल.”

फारशी वाचणारे आख्ख्या पंचक्रोशीत एकच माणूस होते, मुख्तारची आई महरुन्निसा. तिचे वडील मदरशात फारशी शिकवत. म्हातारी आली, पदर सावरून बसली, आणि काचेवरून बोट फिरवू लागली. ती हळू वाचत होती आणि वाचता वाचता आणखी हळू होत होती.

“वाचू ना साहेब?” तिने एकदा विचारले.

“मोठ्यानं वाचा,” मालोजीराव म्हणाले.

“बादशा लिवतात… डोंगरातल्या बंडखोरांवर तुमी आमच्या बाजूनं तलवार चालवली. इमान राखलंत. म्हणून तीन गावं तुमाला देतो. तुमच्या लेकरांनी पण आमची अशीच चाकरी करावी.”

पंखा फिरत होता. विनोदिनी बाईंना खोकला झाला आणि त्या तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. नियमाप्रमाणे आता आमोदला बादशहाचा सरदार व्हावे लागणार होते.

“आणि तुमच्याकडे काय पुरावा आहे?” सरांनी घाईघाईने विषय बदलला.

“कागद नाय,” महरुन्निसा म्हणाली. “गोष्ट हाय. आमचा कोण एक म्हातारा गडावर तोफांना दारू वाहायचा. महाराजांच्या.”

“कागद नाही म्हणजे पूर्वज नाही,” मालोजीराव म्हणाले. मग चौकट उचलून त्यांनी छातीशी धरली. “आणि ही सनद पूजेसाठी आहे. वाचण्यासाठी नाही. वाचली गेली हीच चूक झाली.”

तेवढेच नोंदले गेले. पूर्वजांचा नियम मागे घेण्यात आला, आणि स्पर्धेला तीन दिवस उरले असताना समितीने अंतिम ठराव केला : सर्व स्पर्धक गणवेशात येतील. फेटा नाही, दाढी नाही, तलवार नाही, छातीवर पाटी नाही. निवेदक फक्त नाव पुकारेल. स्पर्धकाने मनात वेशभूषा करावी आणि ती कोणती, हे प्रेक्षकांनी ओळखावे. यात कोणाच्याही भावना दुखावण्यास वाव उरत नाही.

मुख्तारला हसावे की रडावे कळेना. पण घरी साकिब हा ठराव ऐकून उड्या मारू लागला.

“म्हणजे मी मावळा होऊ शकतो! मनातल्या मनात! कोण अडवणार?”

आणि खरेच, कोण अडवणार होते? तीन दिवस पोरगा अंगणात मावळ्यासारखा चालला. वाकून, सावध, कमरेला नसलेली तलवार धरून. दगडी बांधावर चढताना तो असा काही चढे की मुख्तारला त्याच्या डोक्यावर फेटा दिसू लागला. महरुन्निसाने तर पोराची दृष्ट काढली. इतके दिवस समितीत बसून मुख्तारचे डोके पिकले होते, पण आता त्याला वाटले, झाले ते बरेच झाले.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. पांढरा शर्ट आणि खाकी चड्डी घातलेली मुले एकामागून एक येत होती. आमोदचे नाव पुकारले. तो आला, नाक पुसले, उभा राहिला. “मावळा!” हॉल म्हणाला. पुढचा आला. “मावळा!” ईरा नावाच्या मुलीला लोकांनी राणी म्हटले, आणि मग पुन्हा मावळे. सर कागदावर खुणा करत होते. इतकी शांततेत पार पडलेली स्पर्धा त्यांनी पाहिली नव्हती.

मग नाव पुकारले गेले, “साकिब मुख्तार.”

साकिब आला. त्या दिवशी कोणी मावळ्यासारखे चालले असेल तर तो एकटाच. वाकून, दबकत, गडाच्या कड्याला भिडावे तसा रंगमंचाच्या मध्यावर आला, ताठ उभा राहिला, आणि त्याने डोळ्यांत सगळा जीव आणून हॉलकडे पाहिले.

“खान!” हॉल एका आवाजात म्हणाला.

टाळ्या पडल्या. प्रेमाने पडल्या, तिथे खोटे सांगण्यासारखे काही नाही. परीक्षकांना विचार करावा लागला नाही. पहिले बक्षीस साकिबला मिळाले, आणि सरांनी कारण वाचून दाखवले : “अंगावर कसलाही पोशाख नसताना प्रेक्षकांनी एकमुखाने ओळखलेली एकमेव वेशभूषा. हा आपल्या संवेदनशीलतेचा विजय आहे.”

टेम्पोत साकिब बक्षिसाचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. गाडी गावाबाहेर पडल्यावर त्याने विचारले, “अब्बा, तुमी काय बोललात? मी आलो तवा?”

शेवटच्या रांगेत बसला असताना मुख्तारचे ओठ हललेले त्याला स्वतःला कळले होते. सहा वर्षांची सवय होती. पोराचे नाव पुकारले, आणि तोंडातून जे निघायचे ते हॉलबरोबर निघून गेले होते. त्या एका शब्दाची त्याला इतकी लाज वाटत होती की रस्ता नीट दिसेना.

“मी? मी मावळा बोललो.”

“मग मला ऐकायला कसा नाय आला?”

दुसऱ्या दिवसापासून साकिबने हा प्रश्न ज्याला त्याला विचारायला सुरुवात केली. विनोदिनी बाई म्हणाल्या, मी मावळाच म्हणाले. सर म्हणाले, मावळाच. आमोद म्हणाला, आईशप्पथ, मावळा. प्रकरण पुन्हा वाढू नये म्हणून समितीने अखेरची बैठक घेऊन हॉलमधल्या प्रत्येकाचा जबाब घेतला. चारशे सत्तावीस जणांनी ‘मावळा’ असे सांगून सही केली. ‘खान’ म्हणणारा एकही इसम त्या दिवशी हजर नव्हता, हे आता लेखी सिद्ध झाले आहे.

तुम्ही तिथे असता तर तुम्हीही मावळाच म्हणाला असता. त्याबद्दल समितीला शंका नाही. तुमच्या सहीपुरती जागा तिने खाली सोडून ठेवली आहे.