अकराशे दोनमधल्या बाई

नंदिनी चौथ्यांदा अकराव्या मजल्यावर आली, तेव्हाही ११०२ ला कुलूपच होतं. मोठं पितळी कुलूप, नीट पुसल्यासारखं चकचकीत. करंजाडेतल्या नव्या टॉवरांमध्ये बंद घरं पुष्कळ असतात, पण या दारासमोर उभं राहिलं की आपणच उशिरा आलो, असं तिला वाटायचं.

देशातली घरं, इमारती, कारखाने आणि गाड्या मिळून किती ऊर्जा खातात, याची मोजणी चालू होती. कारखाने तुर्भ्याच्या टीमकडे गेले होते. नंदिनीच्या वाट्याला आली होती सोळा घरं, आणि कुठली सोळा ते वरच्या ऑफिसातल्या संगणकाने ठरवलं होतं. शेजारचं चालणार नाही, वरचं चालणार नाही. त्याने बोट ठेवलं तेच घर. पंधरा झाली होती. त्या पंधरांत मिळून नऊ एसी होते आणि एकही कुणी लावत नव्हतं. "आहे, पण लावत नाही हो," असं नऊच्या नऊ घरांनी सांगितलं होतं. दोन घरांनी तर अंगावर शाल घेऊन.

सुपरवायझर श्यामसुंदर सरांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं की आधीच्या लोकांनी बंद घरं इतकी लिहून ठेवलीत की आता आणखी एक कुलूप दिसलं तर सोळाच्या सोळा फॉर्म बाद होतील. "आणि मग तुमचा करार पुढे वाढवा म्हणून मी कुठल्या तोंडाने सांगू मॅडम?"

हे काम नंदिनीला हवं होतं, कारण ते साडेतीनच्या आत संपायचं. क्षिप्रा, तिची दीड वर्षांची मुलगी, साडेतीनला झोपेतून उठायची आणि डोळे उघडण्याआधी हात उघडायची. त्या हातांत आपण असायचं, एवढीच नंदिनीची या कामाकडून अपेक्षा होती. दुसरी नोकरी मिळत होती ती ऐरोलीला, रात्री नऊपर्यंतची. म्हणजे आई फक्त रविवारी.

ती जिन्यात बसली आणि तिने टॅबवर फॉर्म उघडला.

खोटे फॉर्म भरणाऱ्यांसाठी वरच्या ऑफिसाने दोन अटी घातल्या होत्या. फॉर्म त्या इमारतीतच उघडायचा, आणि पस्तीस मिनिटांच्या आत पुढे जायचा नाही. पहिल्या अटीमुळे नंदिनीला जिन्यात बसावं लागलं आणि दुसरीमुळे बसून राहावं लागलं. क्षिप्रा झाल्यापासून सलग पस्तीस मिनिटं तिला कुणी दिली नव्हती. घाई असती तर तिने काहीतरी खोटं खरडलं असतं. वेळ होता, म्हणून ती नीट खोटं बोलली.

नाव: राजलक्ष्मी. वय: अडुसष्ट. सदस्य: एक. पंखा: एक. त्याचा रेग्युलेटर तीनवर अडकलेला असणार, असं तिला वाटलं, तेही तिने शेऱ्यात लिहिलं. स्वयंपाकघरात एक ट्यूब, तीनदा लुकलुकून लागणारी. सकाळी सहा दहाला लावायची, चहा होईपर्यंत सहा मिनिटं, मग उजाडतंच. गॅस आहे, फ्रिज नाही, एसी नाही. इस्त्री फक्त रविवारी, दहा मिनिटं. कशाची इस्त्री, याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. नंदिनीला ते माहीत होतं. बाई गेलेल्या नवऱ्याचे शर्ट इस्त्री करून परत कपाटात ठेवत होत्या. वाहन: एक स्कूटर, नवऱ्याची. महिन्याचं पेट्रोल: शून्य.

शेवटचा प्रश्न होता, 'मुलाखतीच्या वेळी उत्तर देणारी व्यक्ती स्वतः घरात होती का?' छत्तिसाव्या मिनिटाला नंदिनीने 'होय' लिहिलं. पर्स उचलली आणि सवयीने बंद दाराकडे बघून म्हणाली, "येते हं."

आतून उत्तर आलं नाही यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की ती क्षणभर थांबली होती.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. तिचं काम छान झालं होतं. फक्त नियमाप्रमाणे एका घराची फेरतपासणी होणार होती आणि ते घर संगणकानेच निवडलं होतं. कुठलं, हे नंदिनीने विचारलंच नाही.

समोरच्या ११०१ मध्ये शमसुन्निसा खाला राहायच्या. मूळच्या उरणकडच्या, मुलगा कुवेतला, गुडघे दुखरे. चारही वेळा त्यांनी नंदिनीला पाणी दिलं होतं. ११०२ ची चावी त्यांच्याकडेच असायची. मालक मस्कतला, घर घेऊन ठेवलेलं, त्यात आजवर एक दिवसही कुणी राहिलेलं नाही. महिन्यातून एकदा खिडक्या उघडायच्या, एवढंच खालांचं काम. नंदिनीने त्यांच्यापुढे सगळं सांगून टाकलं. 

"खोटं नाय बोलनार मी," खाला म्हणाल्या. "आदीच सांगून ठेवते. पन चावी देते. चावी कुटं काय बोलते?"

दोघी आत गेल्या. कोऱ्या चुन्याचा वास, आणि त्याच्या मागे अगदी पुसटसा चहाचा. नंदिनीने पंख्याचं बटण दाबलं. रेग्युलेटर फिरवून पाहिला. तो तीनवर अडकलेला होता. स्वयंपाकघरातली ट्यूब एकदा लुकलुकली, दोनदा लुकलुकली, तिसऱ्यांदा लुकलुकली आणि लागली.

खालांनी फॉर्ममधलं सगळं नुकतंच ऐकलेलं होतं. त्यांनी नंदिनीकडे पाहिलं. "तू आदी आत येऊन गेलीस काय?"

"नाही खाला. मी मनाचं लिहिलं होतं."

"बिल्डरचा माल हाय," खाला म्हणाल्या. "अडकतो."

"तुमचाही अडकतो?"

"माजा सगल्या नंबरांवर फिरतो," खाला म्हणाल्या, आणि पदर डोक्यावर नीट घेतला.

खाली पार्किंगमध्ये ११०२ च्या जागेत एक स्कूटर धूळ खात उभी होती. वॉचमन सिताराम म्हणाला, तो कामाला लागला त्याच्या आधीपासून ती इथेच आहे, टाकी कोरडी. मग दोघींनी उरलेलं घर लावलं. खालांची एक खुर्ची आणि जादाचा सिलिंडर, नंदिनीच्या घरची जुनी इस्त्री आणि चहाचं पातेलं. ठरलं असं, की बाई जरा बाहेर गेल्यात म्हणायचं.

श्यामसुंदर सर आले. तीस वर्षं लोकांच्या घरातले दिवे मोजून मोजून त्यांची नजर आपोआप छताकडे जायची. त्यांनी ट्यूब लावली आणि ओठ हलवत लुकलुकणं मोजलं. रेग्युलेटर फिरवून पाहिला. खाली जाऊन स्कूटरच्या टाकीत बोट घातलं. मग वर येऊन विचारलं, "बाई कुठे आहेत?"

नंदिनीने तोंड उघडलं, पण तेवढ्यात खालाच बोलल्या. "आता तरी इकडं दिसत नाय."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि सरांनाही ते पटलं. इतकं पटलं, की नवीच आफत उभी राहिली. असं स्वच्छ घर मिळत नाही, म्हणाले. अख्ख्या वर्षासाठी हे घर नमुन्यात घेऊ. आणि जाताना त्यांनी ११०२ च्या मीटरला एक छोटी पांढरी पेटी लावली. कुठल्या मिनिटाला काय चालू झालं, ते ती पेटी टिपणार होती. महिन्याने बघू, म्हणाले.

म्हणजे जी बाई नव्हती, तिला आता रोज वीज वापरणं भाग होतं.

खालांनी दुपारी अर्धा तास पंखा लावायचं कबूल केलं. पंखा लावणं हे काही खोटं बोलणं नव्हे. तसबीचे मणी ओढत तिथेच बसेन, म्हणाल्या. पण सकाळची ट्यूब त्यांच्याच्याने होणार नव्हती, गुडघे त्या वेळी वाकत नव्हते. आणि रोज सहा दहाला करंजाडेत येणं नंदिनीला शक्य नव्हतं. तेव्हा क्षिप्राचं दूध असायचं. शेवटी तिने हात टेकले आणि राजीनाम्याचं पत्र फोनमध्ये लिहून ठेवलं. पेटी उघडली की पाठवायचं. नवऱ्याला, स्वानंदला, तेवढंच सांगितलं. त्याने ऐरोलीच्या बसच्या वेळा बघून ठेवल्या.

महिन्याने सरांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक लांबलचक आलेख पसरलेला होता. नंदिनीने पर्समधल्या फोनवर हात ठेवला.

"हे बघा," सरांनी पेन्सिलीचं टोक फिरवलं. "सकाळी सहा दहा. ट्यूब. सहा मिनिटं. रोज. हे रविवार. इस्त्री, दहा मिनिटं. चारही रविवार." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तीस वर्षं झाली मला मॅडम. माणसं एसी लपवतात, गीझर लपवतात, एकाने तर लिफ्ट लपवली होती. सांगितलं तेवढंच वापरणारं घर मी आज पहिल्यांदा बघतोय. एवढ्या सगळ्यांत खरं बोलणारी ही एकच बाई निघाली."

करार वर्षभर वाढला. नंदिनी ऑफिसच्या जिन्यात आली आणि तिने खालांना फोन लावला. सकाळची ट्यूब तुम्ही लावत होता का, विचारलं.

"मी कुटं? मी दुपारचा पंखा तेवडा लावायची. आता तो पन लावाय लागत नाय."

"म्हणजे?"

"मी जाते तवा चालूच असतो."

भीती नाही वाटत का, असं नंदिनीने विचारलं. पहिल्या दिवशी तशीच परत फिरले, खाला म्हणाल्या, दाराला कुलूप घालायचं पण राहिलं. दुसऱ्या दिवशी आपली एक जादा खुर्ची नेली. खिडकीशी नेऊन ठेवली आणि बसले. भिंतीपल्याड कोणीतरी आहे हे कळलं की झोप बरी लागते, म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम चढला.

"पन तू कसली गं कंजूष? लिवायचंच होतं तर जरा हात सैल सोडायचा. कपभर चा, दहा मिन्टं इस्त्री. मानूस एकटं. गाडी दिलीस ती पन कोरडी. दिवसभर काय करावं त्या बाईनं?"

मोजणीच्या दुसऱ्या फेरीला नंदिनी अकराव्या मजल्यावर आली. खालांनी चावी दिली होती, पण तिला ती कुलपात घालवेना. कुणाच्या घरात असं विचारल्याशिवाय जायचं नसतं. ती जिन्याच्या त्याच पायरीवर बसली. फॉर्ममध्ये मागची उत्तरं दिसत होती; बदल असेल तिथे बदलायचं होतं.

आता सुटायची संधीही होती. वर्षाच्या नमुन्यातल्या घराला एकदा 'बंद' लिहिलेलं चालत होतं. तसं लिहिलं असतं तर पेटी निघाली असती, नाव गळलं असतं, खोटं संपलं असतं. बाकीचे पंधरा फॉर्म सुरक्षित, करार सुरक्षित, क्षिप्रा सुरक्षित. तिचं बोट त्या शब्दावर आलं. दाराआड पंखा चालू होता, तीनवर, एकाच लयीत, एखाद्याने श्वास घ्यावा तसा. तिचं बोट येताच त्या आवाजात काहीही बदललं नाही. कुणी विनवणी केली नाही. त्यानेच तिला जास्त वाईट वाटलं.

तिने बोट उचललं आणि वाहनाच्या रकान्यावर नेलं. महिन्याचं पेट्रोल: शून्य. ते तिने खोडलं. एक लिटर लिहिणार होती, पण बाईंचं वय अडुसष्ट आणि बाहेर पनवेलचा रस्ता. अर्धा लिटर लिहिलं.

वाहन प्रत्यक्ष पाहून घ्यावं, असा नियम होता. म्हणून शेवटचा प्रश्न तसाच ठेवून ती लिफ्टने खाली आली.

११०२ च्या जागेत स्कूटर नव्हती. धुळीत तिच्या आकाराची एक कोरी जागा होती आणि मधोमध तेलाचा एक ताजा थेंब. तिथून गेटपर्यंत बारीक चाकांची एकच ओळ गेली होती.

सिताराम गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहीत होता. तिने त्याच्या खांद्यावरून वाचलं: ११०२. बाहेर. तीन दहा.

"कोण गेलं, सिताराम?"

"अकराशे दोनवाल्या बाई." त्याने पेन कानामागे खोचलं. "मी बी आजच बगितलं त्यांना. साडीवर पुरुषाचा शर्ट घातलेला, कडक इस्त्रीचा. गाडी एका किकमध्ये चालू."

"कुठे गेल्या? काही बोलल्या?"

"येते म्हनाल्या. टाकीत अर्धाच लिटर हाय, लांब नाय जात."

नंदिनी गेटपाशी उभी राहिली. रस्त्यावर शाळेची एक व्हॅन गेली, पाण्याचा टँकर गेला. तिकडे क्षिप्राची उठायची वेळ झाली होती, तरी ती आणखी पाच मिनिटं थांबली. मग तिने टॅब उघडला. शेवटचा प्रश्न तसाच होता: मुलाखतीच्या वेळी उत्तर देणारी व्यक्ती स्वतः घरात होती का?

'नाही,' नंदिनीने लिहिलं. त्याबरोबर खाली कारणाचा रकाना उघडला.

'बाहेर गेल्या आहेत.'