भरतीच्या वेळेची बस

घिवलीच्या मथुरा कोळिणीवर अन्याय झाला, तो धुळवडीच्या सकाळी, कुंभवलीच्या फाट्यावर, बसभर लोकांच्या देखत. तिच्या पाटीतल्या मासळीचा वास वीज केंद्राच्या एका नव्या साहेबाला सोसला नाही, म्हणून कंडक्टरने तिला पाटीसकट खाली उतरवलं. तेव्हापासून एकाही कोळिणीला बसमध्ये घेत नाहीत. बोईसरचा बाजार त्या पायी गाठतात. पोचेपर्यंत मासळी मऊ पडते आणि गिऱ्हाईक तोंड फिरवतं.

कोळिणींना बस मिळवून द्यायच्या लढ्यात आमच्या बाजूला कोण, तर तात्या. घिवलीत पानवेलीची वाडी, बायको गेलेली, मुलगे मुंबईला. माणूस बरा, पण पंगतीत शेजारी बसवू नये. वाढपी पुढे सरकला की हे पत्रावळीवर बसचे मार्ग आखतात. भाताचं बोईसर, लोणच्याची घिवली, मधून वरणाचा रस्ता. नवं वीज केंद्र म्हणजे पापड. "पालघरला जागा कमी पडतेय," म्हणत शेजाऱ्याच्या पानात घुसतात. आखणी मनासारखी झाली की एकेक गाव खाऊन टाकतात.

कुठलाही विषय काढा, तात्यांचा सवाल एकच: "दर्याला इचारलं काय?" भाचीचं स्थळ आलं तेव्हाही हेच विचारलं. मंडळी चहा न घेताच उठली.

वीज केंद्रामुळे बोईसरचं शहर होणार, म्हणून मामलेदार कचेरीत बसमार्गांची सभा भरली. बसखात्याच्या साहेबांनी नकाशा टांगला. तात्या उठले.

"साहेब, होड्या भरतीबरोबर लागतात. भरती रोज घडीभर उशिरा येते. तुमची बस मातर रोज त्याच टायमाला. दर्याला इचारलं काय?"

"मग काय, पंचांग बघून बस सोडू?"

"सोडा की! अष्टमीला सकाळी, अवसेला दुपारी!"

मागून वीज केंद्रावरचा एक कामगार ओरडला, "चाचा, हमारी शिफ्ट को चाँद नहीं दिखता, साहब दिखता है!"

सभा खदखदून हसली. तात्या ढिम्म. "मंग शिफ्टच भरतीवर लावा."

इथे तात्या साफ चुकले. त्यांच्या पंचांगाने गेलो तर अर्धा तालुका आगगाडी चुकवेल. पण म्हणून मथुराने चालायचं? मी उठून म्हणालो, "बाकी बसगाड्या आहेत तशा राहू द्या. एकच बस होड्या लागल्यावर सोडा, आणि तिची मागची बाकडी काढून पाट्यांना जागा द्या." साहेबांनी नकाशा गुंडाळला. "सोमवारी बघू."

दुसऱ्या दिवशी मी बोईसरच्या रस्त्याला लागलो. पुढे कोळिणी झपाझप चाललेल्या, आणि त्यांच्यात तात्या! वाडीवाले म्हणून बसमध्ये त्यांना पुढची सीट मिळते, बाजारात त्यांचं काही काम नसतं.

"तात्या, डोकीवर फडका घे," मथुरा कडाडली. "ऊन काय तुजा जावय हाय?"

"घेतो गं."

"आन् सकालपासून खाल्लंस काय? नाय ना? मर असाच!"

तात्या खाली मान घालून हसत होते. मी त्यांना गाठलं. "तात्या, बस मिळाली की ही पायपीट सुटेल."

"सुटाया पायजे. मथुराचे गुडगे गेले." थोडं चालल्यावर हळूच म्हणाले, "घरात मला कोन ओरडत नाय रे." आणि लगेच आवाज चढवून, "पाट्या मागच्या दारानं चढवायच्या, त्या साहेबाला सांग!"

मी सांगणारच आहे. पण माझ्या एकट्याच्या आवाजाने नकाशा पुन्हा उघडणार नाही. तेव्हा वाचकहो, हळहळ पुरे. सोमवारी कचेरीत या, उभे राहा, ती एक बस मागा. आणि मिळाली, की तीच बस पकडून घिवलीला उतरा, तात्यांच्या वाडीत शिरा, आणि अजून जेवला का नाहीत म्हणून त्यांना चांगलं खडसावून या.